जुन्या रिळाचा जीर्णोद्धार
द्वितीय वर्ष कला

मासेमारीच्या रिळावर कला शाखेच्या विद्यार्थ्याने लेख का लिहावा, असा प्रश्न वाचकांना पडणे साहजिक आहे. त्याचे उत्तर लेखाच्या ओघात मिळेल अशी आशा आहे. तूर्त एवढेच सांगतो की, आमच्या घरातून महाविद्यालयात आलेला मी पहिलाच. वडिलांचे सायकल दुरुस्तीचे दुकान आहे. यंत्र उघडून पाहिल्याशिवाय त्यावर मत देऊ नये, हा संस्कार तिथलाच.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर स्ट्राइप्ड बास नावाचा मासा आढळतो. चंदेरी अंगावर सात-आठ काळसर पट्टे असल्यामुळे त्याला हे नाव पडले. वसंतात तो चेसापीक उपसागराच्या नद्यांत व हडसन नदीत अंडी घालतो आणि उन्हाळ्यात उत्तरेकडे न्यू इंग्लंडच्या खडकाळ किनाऱ्यापर्यंत जातो. २०११ साली कनेक्टिकटजवळ गळाला लागलेला एक मासा ८१.८८ पौंडांचा, म्हणजे सुमारे ३७ किलोंचा होता. असा मासा लाटांतून ओढून आणायचा, तर हातातले यंत्र तितकेच भरवशाचे हवे.

हे यंत्र म्हणजे ‘कन्व्हेन्शनल’ रीळ. संक्रांतीला येवल्यात आसारी हाती धरणाऱ्यांना त्याचे तत्त्व चटकन कळेल. दोर जसजसा सुटतो तसतशी चकरी स्वतः फिरते. फरक इतकाच की, इथे मुठीचा एक फेरा म्हणजे चकरीचे तीन-चार फेरे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी केंटकीतील जॉर्ज स्नायडर या घड्याळजीने अशी दातेरी चाकांची रिळे बनवली. पुढे ऑटो हेन्झ या जर्मनीहून आलेल्या कारागिराने १९३२ साली फिलाडेल्फियात पेन कंपनी काढली. तिची ‘स्क्विडर’, ‘जिगमास्टर’ ही रिळे बास धरणाऱ्यांच्या घरोघरी पोहोचली. ती महाग नव्हती, चार स्क्रू काढले की उघडत आणि सुटे भाग सहज मिळत. म्हणूनच आजही जुनी रिळे टाकून न देता नव्याने बांधण्याचा छंद तिकडे जोपासला जातो.

आता ही पुनर्बांधणी कशी होते ते क्रमाने पाहू.

पहिले काम सफाईचे. भाग ज्या क्रमाने निघतात त्याच क्रमाने मांडून ठेवावे लागतात. खारट पाण्याने पितळेवर चढलेला हिरवा थर आणि घट्ट झालेले जुने ग्रीस धुऊन काढतात. दातेरी चाकांना नवे ग्रीस, पण चकरीच्या बेअरिंगला मात्र पातळ तेलाचे थेंबच. कारण तिथे ग्रीस भरले तर गळ लांब जात नाही.

दुसरा भाग चकरी. जुन्या चकऱ्या प्लॅस्टिकच्या असत. त्या हलक्या, म्हणून फेकीला उत्तम. परंतु नायलॉनचा दोर ओढीखाली ताणला जातो, तसाच गुंडाळला जातो आणि मग आकसू पाहतो. शेकडो वेढ्यांचा हा दाब एकत्र आला की चकरीची कड फुटते. पितळी चकरी फुटत नाही, पण जड असते. ती सुरू व्हायला उशीर आणि थांबायलाही उशीर. गळ पाण्यात पडल्यावरही ती फिरत राहिली, तर दोराचा असा गुंता होतो की तो सोडवण्यात रात्र जावी. यावर तोडगा म्हणून ॲल्युमिनियमची चकरी बसवतात. तरीही चकरीवर अंगठ्याचा हलका दाब ठेवण्याची कला हातालाच शिकावी लागते.

तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा भाग ड्रॅग, म्हणजे घर्षणाचा ब्रेक. मोठ्या दातेरी चाकाच्या पोटात धातूच्या आणि घर्षणाच्या चकत्या एकाआड एक बसवलेल्या असतात. बाहेरची चांदणीच्या आकाराची फिरकी आवळली की त्या एकमेकींवर दाबल्या जातात. मासा पळू लागला की दोर तुटण्याऐवजी चकत्या घसरतात. जुन्या चामड्याच्या वा फायबरच्या चकत्या आधी चिकटून बसतात आणि मग एकदम सुटतात. त्या एका झटक्यातच दोर तुटतो. म्हणून त्या काढून कार्बन फायबरच्या चकत्या घालतात आणि धातूच्या चकत्या घासून सपाट करतात. ड्रॅग दोराच्या ताकदीच्या पाव ते एक-तृतीयांश इतका लावावा असा संकेत आहे; ३० पौंडी दोराला साधारण ८ ते १० पौंड. आणखी एक मर्म असे की, दोर सुटत जाऊन वेढ्यांची त्रिज्या निम्मी झाली की, फिरकीला हात न लावताही ओढ दुप्पट होते. हे ज्याला ठाऊक नाही तो नेमका मोठा मासा गमावतो.

इथे खरा पेच सुरू होतो. ड्रॅग सुधारला की वाढलेला भार दातेरी चाकांवर येतो, म्हणून पितळेऐवजी पोलादी चाके घालावी लागतात. मग भार मूठ उलट फिरू न देणाऱ्या खिट्टीवर जातो. फ्रीव्हीलमधल्या अशा तुकड्याला आमच्या दुकानात ‘कुत्रा’ म्हणतात. गंमत अशी की, इंग्रजीतही या खिट्टीला ‘डॉग’च म्हणतात! तीही मजबूत केली की सांगाडा पिळवटतो, कारण जुन्या रिळाच्या दोन बाजू केवळ खांब व स्क्रू यांनी जोडलेल्या असतात. म्हणून अखंड ॲल्युमिनियमची चौकट आली. कॅलिफोर्नियातील कार्ल न्यूवेल यांनी पेनच्या रिळांसाठी असे सुधारित भाग बनवले आणि पुढे स्वतःच्या नावाची रिळेही काढली. तात्पर्य, यंत्रातला एकच भाग सुधारता येत नाही. एकाला बळ दिले की दुसऱ्याची दुर्बलता उघडी पडते.

परंतु हा सारा खटाटोप केवळ मोठा मासा मारण्यासाठी आहे काय? पूर्वी तसे असेल. बेसुमार मासेमारीने बास इतका घटला की १९८४ साली अमेरिकेला त्याच्या रक्षणाचा खास कायदा करावा लागला आणि मेरीलँडने १९८५ ते १९९० त्याच्या मासेमारीवर संपूर्ण बंदी घातली. १९९५ साली मासा सावरल्याचे जाहीर झाले, पण २०१९ च्या पाहणीत तो पुन्हा घटल्याचे दिसले. २०२३ साली समुद्रकिनाऱ्यावर फक्त २८ ते ३१ इंच लांबीचाच मासा ठेवण्याचा नियम आला. म्हणजे बहुतेक मासे सोडूनच द्यावे लागतात. सोडलेल्यांपैकी सुमारे ९ टक्के मरतात असे मत्स्य-व्यवस्थापक धरून चालतात. जितका वेळ मासा झुंजतो तितका तो थकतो आणि वाचण्याची शक्यता कमी होते. नीट बांधलेले रीळ ही झुंज आटोपती घेते. दोर तुटून गळ तोंडात घेऊन मासा निघून जात नाही. मारण्यासाठी केलेले यंत्र दुरुस्त होता होता वाचवण्याच्या उपयोगी पडू लागले आहे.

आपल्या अभ्यासक्रमात कारागिरांविषयी वाचायला मिळते ते बहुधा इतिहासाच्या वा समाजशास्त्राच्या प्रकरणात. त्यांच्या हातात काय ज्ञान असते, ते मात्र क्वचितच. चकती घासून सपाट करणाऱ्याला घर्षणाचे सूत्र लिहिता येईलच असे नाही. पण ती कुठे चिकटते हे त्याच्या बोटांना कळते. सूत्र येणाऱ्याने त्याच्याशेजारी बसावे आणि त्यानेही सूत्र विचारावे, असे घडेल तर दोघांचेही शिक्षण पुरे होईल. निदान आपल्या गावातल्या एखाद्या कारागिराकडे वही घेऊन बसायला आपल्यापैकी कोणालाच हरकत नसावी.