वायर तुटली तर?

सुट्टीत ओळखीच्या एका सेल्स इंजिनिअरबरोबर धाराशिव जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात गेलो होतो. बॅगेत सेन्सर, गेटवे आणि रंगीत आलेख. चीफ इंजिनिअरसाहेबांनी आलेख बाजूला सारले अन् विचारलं, "वायर तुटली तर तुमची पेटी काय दाखवणार?" पेटीने बेअरिंगचं तापमान ० अंश दाखवलं. मे महिन्यात! आम्ही गप्प.

खरं तर उत्तर आपल्या इन्स्ट्रुमेंटेशनच्या पुस्तकातच आहे. सिग्नल ४ ते २० मिलिअँपिअर का? ० अंशाला ४, १०० अंशाला २०. म्हणजे १२ आले की ५० अंश. करंटच शून्य झाला तर तो बिघाड, तापमान नव्हे. गेटवेत हे सांगून ठेवावं लागतं, तेच राहिलं होतं. बाकी १९७९ सालचा मॉडबस वाचून आकडे सर्व्हरला पाठवणं वगैरे सगळं ठीक होतं.

गळीत हंगामात मिल थांबली की तोडलेला ऊस वाळतो, उतारा घटतो. साहेबांना भीती त्याची, आलेखांचं कौतुक आम्हालाच.

दुसऱ्या खेपेला चालू गेटवे टेबलावर ठेवला आणि साहेबांच्या हातात पक्कड दिली. त्यांनी वायर तोडली, भोंगा वाजला.

"एका मिलला लावा. पैशाचं हंगाम संपल्यावर बोलू."