कांद्याचा गोंडा आणि सातेरीची पेटी



मधमाशीपालनाचा उपक्रम हाती घेऊ इच्छिणारे शिक्षक प्रथम विचारतात ते हे की, पेटी कोठून मिळेल? माझ्या मते हा प्रश्न सर्वांत शेवटी यावयास हवा. मोठ्या हौसेने एका शाळेत ठेवलेली पेटी उन्हाळ्याच्या सुटीनंतर मी उघडून पाहिली, तेव्हा आत मेणकिड्याची जाळी तेवढी उरली होती. पेटीत दोष नव्हता. सुटीत तिच्याकडे पाहणारे कोणी नव्हते, आणि परिसरात फुलोरा केव्हा असतो व केव्हा नसतो याची नोंदही कोणी ठेवलेली नव्हती.

म्हणून आरंभ फुलापासून करावा. चाकणचा कांदाबाजार आपणांस परिचित आहे. कांदा व लसूण यांवरील राष्ट्रीय संशोधन संस्थाही १९९८ पासून आपल्या तालुक्यात, राजगुरुनगर येथेच आहे. बियाण्यासाठी लावलेल्या कांद्यास थंडी सरता सरता गोंडे येतात. गोंड्यातील प्रत्येक फुलात पुंकेसर आधी पिकतात, कुक्षी मागाहून तयार होते. त्यामुळे फुलास स्वतःचा पराग उपयोगी पडत नाही. तो दुसऱ्या फुलावरून यावा लागतो, आणि हे काम मुख्यतः मधमाश्या व इतर कीटक करतात.

शेतकऱ्याची परवानगी घेऊन, फुले उमलण्यापूर्वी, चार गोंड्यांस मलमलीच्या सैल पिशव्या बांधाव्यात व शेजारच्या चार गोंड्यांस केवळ दोऱ्याची खूण करावी. मोकळ्या गोंड्यांवर दहा मिनिटांत किती माश्या येतात, हे मुलांनी सकाळी हातभर अंतरावर उभे राहून मोजावे. पुढे बी पक्व झाले की दोन्हींचे बी वेगवेगळ्या पुड्यांत बांधून मोजावे. पिशवीतील गोंड्यात बी मुळीच धरत नाही असे नाही. परंतु फरक मुलांच्या नजरेतून सुटणार नाही. त्या दोन पुड्या शेतकऱ्यासही अवश्य दाखवाव्यात. भर फुलोऱ्यात सकाळी कीटकनाशक फवारले असता आपल्याच बियाण्याची हानी होते, हे त्यास आपल्या व्याख्यानापेक्षा त्या पुड्यांवरून अधिक पटेल. फवारणी अटळच असेल तर ती सूर्यास्तानंतर करावी.

या माश्या राहतात कोठे, हा प्रश्न मुले मग आपणहून विचारतील. उंच झाडास, पाण्याच्या टाकीस किंवा कारखान्याच्या छपरास उघडे मोठे पोळे लटकते ते आग्या माशीचे. ती पाळता येत नाही, व तिच्या पोळ्यास दगड मारणे जिवावर बेतते. हे मुलांस निक्षून सांगावे. झुडपातील लहानसे एकच पोळे फुलोरीचे. झाडाच्या ढोलीत अथवा जुन्या भिंतीच्या पोकळीत, अंधारात, समांतर पोळी बांधते ती सातेरी. परसातील पेटीस तीच योग्य. इटालियन माशी मध अधिक देते खरी, पण तिला फुलोऱ्यामागे हलवीत न्यावे लागते. नवशिक्याने त्या फंदात पडू नये.

आपल्या भागात शेतांच्या जागी कारखाने व रस्ते आले आहेत. तेव्हा करंज, चिंच, जांभूळ, शेवगा यांपैकी काय उरले आहे, ते कोणत्या महिन्यात फुलते, याचा तक्ता वर्गाने वर्षभर भरावा. हा तक्ता रिकामा दिसला, तर पेटीऐवजी झाडे लावावीत, हे स्पष्टपणे सांगणे माझे कर्तव्य आहे.

पेटी शाळेच्या पटांगणात नको. जवळच राहणाऱ्या एखाद्या उत्साही पालकाच्या परसात, सावलीत ठेवावी, म्हणजे सुटीचा प्रश्न उरत नाही. वसाहत दिवाळीच्या सुमारास, जाणत्या माणसाकडूनच आणावी. घोडीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत, म्हणजे मुंग्या चढत नाहीत. आठ दिवसांनी एकदा पेटी उघडून तळफळी स्वच्छ करावी. मेणकिडा तेथेच प्रथम दिसतो. पावसाळ्यात फुलांची टंचाई असते, तेव्हा समभाग साखरेचा पाक सायंकाळी द्यावा. अन्यथा सातेरी पेटी सोडून निघून जाते. पहिल्या वर्षी मधाची अपेक्षा धरू नये. प्रशिक्षणासाठी पुण्यातील केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था (स्थापना १९६२) आपल्या अगदी जवळ आहे. स्वतः शिकल्यावाचून मुलांसमोर पेटी उघडू नये.

माशी डसल्यास काटा विनाविलंब नखाने खरवडून काढावा व जागा धुऊन थंड पाण्याची पट्टी ठेवावी. चेहरा सुजू लागला, अंगावर गांधी उठल्या किंवा श्वास लागला, तर घरगुती उपायांत क्षणही न दवडता मुलास रुग्णालयात न्यावे. पूर्वी असा त्रास झालेल्या मुलांची नावे पालकांकडून आधीच लिहून घ्यावीत व त्यांच्याकडे तक्ता भरण्याचे काम द्यावे.