घाम, पाणी आणि मीठ

घाम जिभेला लागला तर खारट लागतो. घामाने भिजलेली बंडी वाळली की तिच्यावर पांढरे पट्टे दिसतात. ते मीठ आहे. म्हणजे घामातून नुसते पाणी जात नाही, मीठही जाते.

मे महिन्यात चंद्रपूर-गडचिरोलीकडे पारा ४५ अंशांवर चढतो. त्याच दिवसांत आपण तेंदूपत्ता तोडतो, सत्तर-सत्तर पानांची पुडकी बांधतो, फळीवर नेतो. गावचे पोट्टे भरतीसाठी धावतात. २०२३ च्या वनरक्षक भरतीत पुरुषांना ५ आणि बायकांना ३ किलोमीटर धावायचे होते. कोणी २१ किंवा ४२ किलोमीटरच्या शर्यतीतही उतरतात. उन्हात जोराने धावणाऱ्याचा तासाला लिटरभर घाम जातो, कधी जास्तही. लिटरभर घामात साधारण अर्धा चमचा मीठ असते. कोणाच्या घामात कमी, कोणाच्या जास्त.

५ किलोमीटर धावायला अर्धा तास लागतो. तेवढ्यासाठी मिठाची काळजी नको. पाणी प्यावे, घरी येऊन जेवावे. वरणभातातले मीठ पुरते. धावण्याआधी मुद्दाम जास्तीचे मीठ खाऊ नये, मळमळ होईल. खरी काळजी तीन-चार तास घाम गाळणाऱ्याची.

पाणी कमी पडले तर चक्कर येते, लघवी पिवळी होते, हे आपल्याला ठाऊक आहे. पण साधे पाणी फार प्याले तरी धोका असतो. "पाणी पिऊन कोणी आजारी पडते काय, गुरुजी?" असे लोक विचारतात. पडते. वरणात मीठ बेताचे आहे, त्यात तांब्याभर पाणी ओतले तर ते अळणी होते. रक्ताचेही तसेच. रक्तातले मीठ असे पातळ झाले की मेंदू सुजतो. डोके दुखते, ओकारी येते, माणूस बरळतो, झटके येतात. दगावतोही.

अमेरिकेत बोस्टन शहरी दरवर्षी ४२ किलोमीटरची शर्यत होते. २००२ साली तिथे ४८८ धावणाऱ्यांचे रक्त तपासले. शंभरात तेरा जणांच्या रक्तात मीठ कमी भरले. शर्यत संपल्यावर ज्यांचे वजन वाढले होते, त्यांच्यात हे जास्त दिसले. घामाने गेले त्याहून जास्त पाणी ते प्याले होते.

मग किती प्यावे? तहान लागेल तेवढे, थोडे थोडे. उपकेंद्रातल्या काट्यावर धावण्याआधी व नंतर वजन करून पाहा. एक किलो कमी झाले तर लिटरभर पाणी कमी पडले. वजन वाढले तर पाणी जास्त झाले. दिवसभर जंगलात असाल तर तुंब्यातल्या पाण्याबरोबर मीठ घातलेली पेज किंवा ताक न्यावे. जुन्या माणसांची ही रीत चांगली आहे. पण मीठ घातले म्हणून वाटेल तेवढे पिऊ नये.

रक्तदाब असलेल्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय मीठ वाढवू नये. सिकलसेल आपल्या भागात पुष्कळ आहे. त्या माणसांनी तहानेची वाट पाहू नये, अधूनमधून पाणी पीत राहावे. पाणी कमी पडले की त्यांचे दुखणे उठते.

कोणी बरळू लागला किंवा शुद्ध हरपली, तर तोंडात पाणी ओतू नका. घशात अडकेल. सावलीत न्या, अंग ओले करा, वारा घाला, १०८ ला फोन करून गाडी बोलवा. तो किती पाणी प्याला होता, तेही डॉक्टरला सांगा. पाणी कमी पडलेल्याचा आणि जास्त झालेल्याचा उपचार वेगळा असतो.