मराठी ख्रिस्ती उपासनेतील जुनी चाल आणि नवी चाल

सोव्हिएत सहकार्याचा करार १९५५ साली झाला, १९५९ च्या फेब्रुवारीत पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि दुर्ग जिल्ह्यातील भिलाई हे नाव देशाच्या औद्योगिक नकाशावर आले. ज्या प्रांताची राजधानी नागपूर होती, त्याच प्रांतात १९५६ पर्यंत हा जिल्हा मोडत असे; त्यामुळे मराठी कुटुंबांना ही भूमी परकी नव्हती. कारखान्याभोवती वसलेल्या अशा नगरात मलयाळी, तेलुगू, मराठी, हिंदी आणि छत्तीसगढी बोलणारी माणसे शेजारी राहतात. त्यांतील ख्रिस्ती मंडळी रविवारी एका छताखाली जमते तेव्हा पहिला पेच ईश्वरशास्त्राचा नसून गाण्याचा असतो. वडीलधाऱ्यांना लहानपणी पाठ झालेली पदे हवी असतात, तर तरुणांना गिटार, ड्रम आणि विद्युत्‌वाद्यांवरची नवी स्तुतिगीते. हा वाद सामान्यतः ‘परंपरा विरुद्ध आधुनिकता’ या शब्दांत मांडला जातो. मराठीचा इतिहास पाहता ही मांडणी अपुरी ठरते. कारण आज ज्याला परंपरा म्हटले जाते, तिचा प्रत्येक थर कधी ना कधी उपासनेत नवा म्हणूनच शिरलेला आहे.

सर्वांत जुना थर गोव्यातील आहे. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला आणि त्याचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथात स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हणण्यास ग्रंथकाराला संकोच वाटला नाही. त्याने छंद निवडला तोही पुराणवाचनाचा. ज्या श्रोत्यांच्या कानांत पुराणिकाचा स्वर मुरलेला होता, त्यांच्यासाठी त्याच स्वरात नवी कथा आणावी, हा त्या निवडीचा अर्थ. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढले. देवनागरी लिपीत हा ग्रंथ शांताराम बंडेलू यांच्या संपादनाने १९५६ साली प्रसिद्ध झाला, म्हणजे मधली तीनशे चाळीस वर्षे मराठी वाचक त्याला बव्हंशी पारखाच राहिला होता.

एकोणिसाव्या शतकातील प्रोटेस्टंट उपासनेचा या वारशाशी संबंध नव्हता. १८१३ साली मुंबईस आलेल्या अमेरिकन मराठी मिशनने आपल्याबरोबर आपली स्तोत्रे आणि त्यांचे स्वर आणले. अहमदनगरचे (आताचे अहिल्यानगर) हेन्री बॅलेंटाइन यांच्यासारख्या मिशनऱ्यांनी मराठी गीतरचनेसाठी श्रम घेतले. त्यांच्या निष्ठेविषयी शंका घेण्याचे कारण नाही; अडचण छंदाची होती, आणि ती थोडी तपशिलात पाहणे आवश्यक आहे.

इंग्रजी स्तोत्राचा सर्वांत प्रचलित साचा आठ-सहा-आठ-सहा अक्षरावयवांचा असतो आणि त्याची लय आघातावर उभी असते. सामान्यतः पहिला अवयव दुर्बळ, दुसरा सबळ. मराठीत शब्दाला असा अर्थनिर्णायक आघात नाही. तिच्या वृत्तांचा हिशेब लघुगुरूंचा, मात्रांचा किंवा केवळ अक्षरसंख्येचा असतो. ‘प्रभू’ हा लघु-गुरू शब्द त्या इंग्रजी साच्यात सहज बसतो. परंतु ‘येशू’ या शब्दाची दोन्ही अक्षरे गुरू आहेत. ओळीच्या आरंभी तो आला की ‘ये’ दुर्बळ ठोक्यावर पडून आखडतो आणि ‘शू’ला अकारण जोर मिळतो. ज्याचे नाव घेण्यासाठी मंडळी जमली आहे, त्याचेच नाव चालीत अवघडून उभे राहते! शिवाय इंग्रजीतील एकाक्षरी शब्दांची जागा मराठीत दोन-तीन अक्षरी, प्रत्यय लागलेले शब्द घेतात. परिणामी भाषांतरकार विभक्ती गाळतो, क्रियापद ओढूनताणून मागेपुढे करतो, आणि गाणाऱ्याला अर्थ समजण्यापूर्वीच ओळ संपते.

अभंगात हा प्रश्न उद्भवत नाही. मोठ्या अभंगात पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरे, चौथ्यात चार, आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणांचे यमक एवढेच बंधन असते. माधव जूलियनांनी ‘छन्दोरचने’त अक्षरछंदाविषयी दाखविल्याप्रमाणे, गाताना ऱ्हस्व अक्षरही दीर्घासारखे उच्चारले जाते, त्यामुळे बाजारातला, शेतातला, स्वयंपाकघरातला कोणताही शब्द या छंदात मान न वाकवता येऊ शकतो. दुसरे असे की अभंग एकट्याने गाण्याचा प्रकार नाही. पुढला गातो आणि मागले ध्रुवपद उचलतात. ज्याला अक्षरओळख नाही तोही दुसऱ्या आवर्तनाला गाऊ लागतो. पुस्तक विकत घेणे ज्यांना परवडत नव्हते अशा मंडळ्यांत या गुणाचे मोल किती असेल, याची कल्पना करता येते.

कीर्तनाचा ख्रिस्ती उपयोग अहमदनगर परिसरात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच सुरू झाला होता. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांचे नाव त्या संदर्भात आदराने घेतले जाते. परंतु या वाटेचा राजमार्ग केला तो नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९). फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईस बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी मंडळीला पदे दिली, अभंग दिले. तुकारामाच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची भावना होती. ‘उपासना संगीत’ या प्रोटेस्टंट मंडळ्यांच्या गीतसंग्रहात त्यांच्या रचनांचा वाटा मोठा आहे. टिळकांच्या हयातीत ही रचना ‘जुनी’ नव्हती, हे लक्षात ठेवले पाहिजे. टाळ-मृदंगाचा आणि अभंगाचा संबंध ज्या धर्माचरणाशी होता, ते मागे टाकून आलेल्या माणसांना तोच नाद प्रार्थनामंदिरात ऐकणे सुखाचेच वाटले असेल असे गृहीत धरता येत नाही. आज ड्रमविषयी घेतला जाणारा आक्षेप आणि त्या काळी मृदंगाविषयी संभवणारा आक्षेप यांची जात एकच आहे: हे वाद्य दुसरीकडचे आहे.

वाद्यांच्या देशीपणाविषयी येथे एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. ज्या पेटीवाचून भजन आज सुनेसुने वाटते, ती मुळात युरोपीय. पायाने भाता मारण्याच्या हार्मोनियमला हातभात्याचे रूप कलकत्त्यास मिळाले आणि ती भारतीय बैठकीत आली. आकाशवाणीने १९४० पासून जवळजवळ तीन दशके तिला परकी ठरवून बाहेर ठेवले होते. परंतु खेड्यातल्या भजनीमंडळाने हा निर्णय कधी मानलाच नाही.

टिळकांच्या मार्गावर एक आक्षेप गंभीर आहे. नगर जिल्ह्यातील ख्रिस्ती समाजाचा मोठा भाग महार आणि मांग समाजांतून आला. त्याच्या घरची गाणी जात्यावरची ओवी, एकतारीवरचे भजन, हलगीचा ठेका ही होती. चित्पावन घरात वाढलेल्या कवीने रागदारी पदे आणि संस्कृतप्रचुर शब्दकळा आणली, तेव्हा ती ‘आपली’ परंपरा नेमकी कोणाची, असा हा प्रश्न आहे. याचे अर्धे उत्तर चोखामेळ्याच्या अभंगांत आहे. हा छंद एका जातीच्या मालकीचा कधीच नव्हता. उरलेले अर्धे मात्र अनुत्तरित राहते, कारण हलगीला उपासनेत पेटीइतकी प्रतिष्ठा मिळाली नाही. छत्तीसगढातही हाच प्रश्न वेगळ्या नावाने उभा राहतो. १८६८ मध्ये बिश्रामपूर येथे मिशन स्थापणाऱ्या ऑस्कर लोर यांचे कार्य प्रामुख्याने सतनामी समाजात होते, आणि त्या समाजाचे पंथी गीत-नृत्य आज जगप्रसिद्ध आहे. तेथील उपासनेत पारंपरिक संगीत आणावे असे कोणी म्हणाला, तर तो पंथीचा विचार करतो की केवळ विलायती स्तोत्राच्या हिंदी भाषांतराचा, हे विचारले पाहिजे.

कॅथलिक मंडळीत हे वळण उशिरा, पण अधिकृतपणे आले. ४ डिसेंबर १९६३ च्या व्हॅटिकन परिषदेच्या उपासनाविषयक घोषणापत्राने लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला योग्य स्थान देण्यास सांगितले. त्याच दस्तऐवजात ग्रेगोरियन गायन आणि पाइप ऑर्गन यांचाही गौरव आहे. ज्याला जे हवे ते त्यातून उचलता येते, आणि तसे ते उचललेही गेले आहे.

आता नव्या स्तुतिगीतांकडे वळता येईल. त्यांना सरसकट उथळ म्हणण्याची पद्धत न्याय्य नाही. त्यांच्या ओळी लहान असतात, पुनरावृत्ती भरपूर असते, आणि पुनरावृत्ती हा दोष मानल्यास नामसंकीर्तनही दोषी ठरेल. त्यांत ‘मी’ फार येतो, हाही आक्षेप टिकत नाही. तुकारामाच्या अभंगात तो काही कमी येत नाही. खरी त्रुटी दुसरीकडे आहे. यांतील पुष्कळ गीते इंग्रजी चालींवर किंवा चित्रपटगीताच्या धर्तीवर बेतलेली असतात. पहिल्या प्रकारात बॅलेंटाइनकालीन अडचण जशीच्या तशी परत येते. ‘येशू’ पुन्हा दुर्बळ ठोक्यावर आखडतो, फक्त या वेळी ऑर्गनऐवजी गिटारच्या साथीने. दुसऱ्या प्रकारात चाल एका कसलेल्या गळ्यासाठी रचलेली असते. ध्वनिक्षेपकापुढचा गायक तारसप्तकात जातो आणि मंडळी गप्प होऊन ऐकू लागते. विलायती स्तोत्रात भाषा अवघडत होती, तरी निदान सगळे गात होते. येथे मंडळीचे श्रोतृवृंदात रूपांतर होते, आणि हा बदल वाद्यबदलापेक्षा कितीतरी मोठा आहे.

म्हणून जुन्याची दोन आणि नव्याची दोन गीते घेऊन साधलेला समतोल हा केवळ वेळापत्रकाचा समतोल होय. निवडीची कसोटी अशी असावी: चाल दुसऱ्या आवर्तनाला मंडळीच्या तोंडी येते का, आणि तीत भाषेचा उच्चार शाबूत राहतो का. या कसोटीवर काही नवी गीते सहज उतरतील आणि गीतसंग्रहातील काही जुनी भाषांतरे गळतील. भिलाईसारख्या बहुभाषिक ठिकाणी ध्रुवपद एका समाईक भाषेत आणि कडवी ज्याच्या-त्याच्या भाषेत, अशी रचना अभंगाच्या घडणीतच शक्य आहे. तिला नवी वाद्ये लावण्यास छंदशास्त्राची कोणतीही हरकत नाही.

जुन्या बाजूची एक हानी मात्र या वादात लक्षातच येत नाही. मराठी पदसंग्रहांत स्वरलिपीऐवजी पदाच्या माथ्यावर ‘चाल’ म्हणून दुसऱ्या परिचित पदाचे नाव देण्याची पद्धत होती. ते परिचित पद एखाद्या संगीत नाटकातले, कीर्तनातले किंवा लावणीतले असे. आज संहिता छापील उरते, परंतु ज्या पदाकडे बोट दाखविले आहे तेच विस्मृतीत गेलेले असते. अशा पदांची चाल आता केवळ काही वृद्ध गाणाऱ्यांच्या गळ्यात आहे. गाव सोडून कारखान्यांच्या नगरांत आलेल्या कुटुंबांत एखादी आजी ती चाल अजून गुणगुणत असेल, तर त्या पदाचा तोच एकमेव हस्तलिखित पाठ आहे, आणि त्याचे ध्वनिमुद्रण व स्वरलेखन तिच्या हयातीतच व्हायला हवे.