पुढचा सॉलिड ऍक्सल : काम घेण्यापूर्वीचा हिशेब

जीपसारख्या गाडीचे पुढचे सुटे सस्पेन्शन काढून तेथे सॉलिड ऍक्सल बसवून घेण्याची हौस अलीकडे बऱ्याच गाडीमालकांना लागली आहे. गोव्यात 2014 पासून सुरू झालेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धांनी ती वाढवली. असे काम मोठे असते, मजुरी चांगली मिळते आणि आपल्या फिटर, वेल्डर व टर्नर बंधूंच्या हातात त्याचा हुन्नर आहे. म्हणूनच हे काम कसे होते, कोठे फसते आणि कोणाला नाही म्हणावे, याचा विचार येथे करू या.

उंबरमाळीचे उदाहरण घेऊ. मध्य रेल्वेच्या कसारा मार्गावर खर्डी आणि कसारा यांच्यामधले हे स्टेशन. मुंबई-आग्रा महामार्ग जवळच, आणि कसारा ओलांडला की घाट. महामार्ग सोडून आत वळावे तर पाड्यांकडे जाणाऱ्या दगडी वाटा आणि पावसाळ्यात भातखाचरांचा चिखल. येथल्या गाडीला सकाळी दगडावर चढावे लागते आणि दुपारी त्याच चाकांवर घाट उतरावा लागतो. दगडावर उपयोगी पडणारा ऍक्सल घाटातही गाडी सरळ ठेवतो की नाही, हाच या कामाचा खरा प्रश्न आहे.

सॉलिड ऍक्सल म्हणजे काय?

पुढची दोन्ही चाके एकाच अखंड नळीच्या दोन टोकांना असतात आणि डिफरन्शियलचा गोळा त्याच नळीत बसलेला असतो, तो सॉलिड ऍक्सल. सुट्या सस्पेन्शनमध्ये प्रत्येक चाक आपल्यापुरते वरखाली होते आणि गोळा चासीला टांगलेला असतो.

सॉलिड ऍक्सलचे फायदे तीन. एक चाक दगडावर चढले की दुसरे खाली दाबले जाते, त्यामुळे जमिनीची पकड सुटत नाही. स्प्रिंग दबली तरी गोळा आणि जमीन यांतील अंतर जवळपास तेवढेच राहते. शिवाय भाग कमी व जाड असल्याने मोडतोड झाली तर साध्या गॅरेजात दुरुस्ती होते. तोटेही आहेत. स्प्रिंगच्या खाली लोंबणारे वजन वाढते, गाडी दणके जास्त देते आणि एका चाकाचा हादरा दुसऱ्यापर्यंत पोहोचतो. गिऱ्हाइकाला फायदे सांगताना हे तोटेही त्याच बैठकीत सांगावेत.

आपल्याकडील गाड्या

ही वस्तू आपल्या लोकांना परकी नाही. 1945 साली 'महिंद्रा अँड मोहम्मद' ही कंपनी निघाली. तिचे एक भागीदार गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तेथे अर्थमंत्री व पुढे गव्हर्नर जनरल झाले, आणि 1948 मध्ये कंपनीचे नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाले. 1947 पासून तिने जोडलेल्या विलीज जीपला पुढे-मागे सॉलिड ऍक्सल आणि पाटेच होते. एमएम 540 सारख्या पुढच्या जीपही त्याच घडणीच्या. मारुती जिप्सीचा पुढचा ऍक्सलही सॉलिड होता.

2010 मध्ये आलेल्या महिंद्रा थारमध्ये मात्र फरक पडला. थार डीआयला जुन्या पद्धतीचे पाटे राहिले. थार सीआरडीईला पुढे टॉर्शन बारचे सुटे सस्पेन्शन आणि रॅक पद्धतीचे स्टीअरिंग मिळाले. हे मॉडेल 2020 पर्यंत चालले. अशा गाडीखाली जुन्या जीपचा ऍक्सल बसवणे हीच आपल्याकडची ऍक्सल-बदली. सुझुकी जिम्नी 2023 मध्ये भारतात आली, तिला कंपनीनेच पुढे सॉलिड ऍक्सल दिला आहे. ज्याला अशा ऍक्सलची खरोखर गरज आहे, त्याच्यापुढे मुळातच तसा असलेली गाडी घेण्याचा मार्गही ठेवावा.

आधी माप, मग ग्राइंडर

कापडाच्या धंद्यात ताका चुकीचा फाडला तर तो तुकडा कटपीसमध्ये जातो आणि थोडा तोटा होऊन विषय संपतो. चासी कापल्यावर कटपीसची सोय नाही. म्हणून पुढील मापे ऍक्सल विकत घेण्यापूर्वीच वहीत उतरवावीत.

*गिअरचे प्रमाण.* पुढच्या व मागच्या ऍक्सलचे प्रमाण एकच हवे. क्राउनच्या दातांना पिनियनच्या दातांनी भागले की ते निघते. 43 ला 8 ने भागले की 5.38 येतात आणि 39 ला 8 ने भागले की 4.88. यांपैकी एक पुढे व दुसरे मागे बसले, तर दोन्ही शाफ्टच्या फेऱ्यांत दहा टक्क्यांचा फरक पडतो. फोर-व्हील लावताच गिअर एकमेकांशी झगडतात आणि काहीतरी तुटते. गोळा न उघडता तपासायचे असेल तर एकच चाक उचलावे, दुसरे जमिनीवर अडवून ठेवावे. उचललेले चाक दोन पूर्ण फेऱ्या फिरवून पिनियनच्या फेऱ्या मोजाव्यात. तेच प्रमाण.

*गोळ्याची बाजू.* ट्रान्सफर केसचा पुढचा शाफ्ट ज्या बाजूने निघतो, त्याच बाजूला ऍक्सलचा गोळा हवा. जुन्या विलीज जीपचा गोळा उजवीकडे असे. बाजू जुळत नसेल तर तो ऍक्सल स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

*रुंदी व चाकाचे बोल्ट.* पुढच्या हबच्या तोंडापासून तोंडापर्यंतची रुंदी मागच्याशी पडताळावी. विलीज जीपचे पाच बोल्ट साडेपाच इंचांच्या वर्तुळावर असतात. आपल्या गाडीच्या चाकाची छिद्रे तशीच आहेत का, ते पाहावे.

*व्हीलबेस.* थार सीआरडीईचा व्हीलबेस 2430 मिलिमीटर आहे. जुने सस्पेन्शन सोडण्यापूर्वी चाकाच्या मध्यापासून चासीवर ओळंबा सोडून खूण करावी. नवा ऍक्सल त्याच खुणेवर यावा आणि दोन्ही कर्णांची मापे सारखी भरावीत.

काम करताना

टॉर्शन बार हा पिळलेला दांडा आहे, त्याच्यात जोर साठलेला असतो. गाडी चासीवर घोडे लावून उचलावी, चाके लोंबू द्यावीत, मग ऍडजस्टिंग बोल्ट हळूहळू सैल करावा. जोर उतरल्याशिवाय खालचा आर्म उघडू नये. शागिर्दाला हे काम एकट्याने करू देऊ नये.

वेल्डिंगपूर्वी बॅटरीची दोन्ही टोके काढावीत आणि इंजिनाच्या कंप्युटरचा सॉकेटही सोडवावा. कॉमन रेल इंजिन त्याच्यावर चालते. वेल्डिंगची अर्थ जोडाच्या जवळ लावावी. पाट्यांचे हँगर चासीला नुसते चिकटवून भागत नाही. आत-बाहेर जाड पट्टी देऊन भार पसरवावा. चासीच्या आरपार जाणाऱ्या बोल्टला नळी घालावी, म्हणजे आवळताना चासी दबत नाही.

ऍक्सल प्रथम नुसत्या टाक्यांवर उभा करावा. इंजिनासह पूर्ण वजन चाकांवर आले की मगच कोन मोजावेत. येथेच बहुतेक कामे बिघडतात. किंगपिनचा वरचा भाग किंचित मागे झुकलेला असतो, त्या झुकावाला कॅस्टर म्हणतात. सायकलच्या फोर्कला असतो तसाच तो, आणि त्याच्यामुळे वळणानंतर चाक आपोआप सरळ येते. दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीपसाठी कॅस्टर 3 अंश, कॅम्बर दीड अंश आणि टो-इन 3/64 ते 3/32 इंच, म्हणजे साधारण 1.2 ते 2.4 मिलिमीटर, असे प्रमाण दिलेले होते. आपल्या ऍक्सलचे प्रमाण त्याच्याच पुस्तिकेतून घ्यावे.

कॅस्टर वाढवायला पूर्ण ऍक्सल मागे कलता केला की पिनियनचे नाक खाली जाते. ट्रान्सफर केस तर वर असते, त्यामुळे शाफ्टच्या क्रॉसवर कोन वाढतो व तो थरथरतो. पिनियन उचलावे तर कॅस्टर कमी होतो. गाडी जितकी उंच करावी, तितकी ही ओढाताण वाढते. दोन्ही साधत नसेल तर ऍक्सलच्या टोकाची नकल-बैठक कापून फिरवावी लागते, पण ते जिग असलेल्या कारखान्याचे काम आहे. म्हणून गिऱ्हाइकाने कितीही आग्रह केला तरी गाडी गरजेपेक्षा उंच करू नये.

स्टीअरिंगचा रॅक ठेवून चालत नाही. तो चासीवर असतो आणि सॉलिड ऍक्सल त्याच्याखाली वरखाली होतो. रॅक तसाच जोडला तर प्रत्येक खड्ड्यात चाके आपोआप वळतील. रॅक काढून स्टीअरिंग बॉक्स बसवावा, दोन्ही चाके एका टाय रॉडने जोडावीत आणि बॉक्सपासून ड्रॅग लिंक द्यावी. ही लिंक शक्य तितकी आडवी असावी. ती तिरपी राहिली तर तोच दोष थोड्या प्रमाणात उरतो.

ब्रेकच्या बाबतीत मागे जाऊ नये. थार सीआरडीईला पुढे डिस्क ब्रेक आहेत. जुन्या ऍक्सलबरोबर ड्रम आले म्हणून तेच ठेवणे म्हणजे गाडीची मूळ सुरक्षितता विकून टाकणे. ब्रेकचे होज चाक पूर्ण लोंबले असता ताणले जाऊ नयेत आणि पूर्ण वळले असता टायरला घासू नयेत.

शेवटी इंजिनाचा सम्प. ऍक्सल आता त्याच्या खाली आला आहे. जॅकने ऍक्सल पूर्ण वर दाबून पाहावा. सम्प व एक्झॉस्टला तो लागण्यापूर्वी बंप स्टॉपला टेकलाच पाहिजे. त्याच वेळी प्रॉपेलर शाफ्टची सरक तपासावी. ऍक्सल वर असताना ती आत ठोकू नये आणि खाली लोंबताना निसटू नये. यू-बोल्ट नेहमी नवे घ्यावेत आणि पहिल्या शंभर किलोमीटरनंतर पुन्हा आवळावेत.

घाटात काय होते?

कॅस्टर कमी, किंगपिनचे बेअरिंग सैल किंवा टाय रॉडचे टोक झिजलेले असेल, तर गॅरेजच्या अंगणात गाडी ठीकच वाटते. वेगात असताना एका चाकाला खड्डा लागतो, दोन्ही चाके डावी-उजवीकडे थडथडू लागतात आणि स्टीअरिंग हातात राहत नाही. हे कसाऱ्याच्या किंवा माळशेजच्या उतारावर घडले तर मागचा ट्रक थांबणार नाही. स्टीअरिंग डॅम्पर लावला की थडथड झाकली जाते, पण तिचे कारण जात नाही. म्हणून चाचणी सपाट मोकळ्या जागी, कमी वेगाने, प्रथम ब्रेकची व नंतर स्टीअरिंगची घ्यावी. चाके आपोआप सरळ येत नसतील तर गाडी मालकाच्या हवाली करू नये.

कायदा आणि कागद

मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे, नोंदणीतील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाहून वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही बाब ठामपणे सांगितली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182-ए (4) नुसार, परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. अपघात झाल्यास विमा कंपनीही आक्षेप घेऊ शकते.

याचा अर्थ सरळ आहे. ज्या गाडीला कंपनीनेच सॉलिड ऍक्सल दिला, तिचा मोडका ऍक्सल काढून तसाच दुसरा बसवणे ही दुरुस्ती होय. असे काम निर्धास्त घ्यावे, आणि रोजचा धंदा त्यावरच चालतो. सुटे सस्पेन्शन काढून सॉलिड ऍक्सल बसवणे हा बदल होय. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीसाठी मालकाने आधी आरटीओकडे लेखी विचारणा करावी. तसा कागद नसेल तर हे काम खासगी जमिनीवर किंवा स्पर्धेच्या आवारात चालणाऱ्या आणि ट्रकवर घालून नेल्या जाणाऱ्या गाडीपुरतेच ठेवावे. प्रवासी वाहून नेणाऱ्या जीपवर तर ते कधीच करू नये. मजुरी एकाची असते, पण जीव दहा जणांचे असतात.

अंदाजपत्रक

नुसता ऍक्सलचा भाव सांगून सौदा केला की नुकसान ठरलेले. ऍक्सल, पाटे व हँगर, स्टीअरिंग बॉक्स व लिंक, ब्रेक, शाफ्टचे लेथकाम, बेअरिंग व सील, अलाइनमेंट, आणि गाडी जितके दिवस जागा अडवील त्या दिवसांचे भाडे, अशा आठ ओळी वेगवेगळ्या लिहाव्यात. सामानाचे पैसे आगाऊ घ्यावेत. काढलेले जुने भाग मालकाची अमानत आहेत, ते मोजून परत द्यावेत व पोचपावती घ्यावी.

काम घेण्यापूर्वी उस्तादांनी शागिर्दांना हे सहा प्रश्न विचारावेत : गिअरचे प्रमाण जुळते का? गोळ्याची बाजू बरोबर आहे का? कॅस्टर आणि पिनियन दोन्ही एकाच वेळी साधतात का? ब्रेक पूर्वीइतके तरी राहतात का? सम्पला ऍक्सल लागणार नाही याची खात्री झाली का? गाडी कोठे चालणार व तिचे कागद काय सांगतात? सहाही उत्तरे वहीत लिहून झाल्यावरच ग्राइंडर हातात घ्यावा. एक उत्तर जरी अडले, तरी गिऱ्हाइकाला चहा पाजून परत पाठवावे. गेलेले काम पुन्हा येते.