त्या तेलाबद्दल, जरा बस

मने, रात्री साडेबाराला पाठवलेला तो व्हिडिओ पाहिला मी. जिभेखाली गांजाच्या तेलाचे चार थेंब, आणि महिन्याभरात ऑटिझम असलेला मुलगा शांत बसून चित्रं काढतोय. खाली तुझा एवढाच प्रश्न, "ताई, देऊ का सोन्याला?" हे फोनवर बोलायचं नव्हतं, म्हणून आले. चहा टाक आधी.

हे सगळंच थोतांड आहे असं मी म्हणणार नाही. गांजाचं नाव निघालं की आपल्या घरात आवाज खाली जातो, पण त्याच झाडातलं सीबीडी हे द्रव्य नशा आणत नाही. त्यापासून केलेल्या एपिडिओलेक्स या औषधाला अमेरिकेत २०१८ साली रीतसर मान्यता मिळाली. ती मात्र ड्राव्हे आणि लेनॉक्स-गॅस्टो या फिट्सच्या दोन चिवट आजारांसाठी. ऑटिझमसाठी नव्हे. व्हिडिओवाले नेमकं एवढंच वाक्य गिळतात.

ऑटिझमवरचं खरं काम झालंय इस्राएलमध्ये. जेरुसलेमच्या शारे झेडेक रुग्णालयातल्या डॉ. आदी अरान यांनी पाच ते एकवीस वयाच्या १५० जणांवर चाचणी घेतली. ती २०२१ मध्ये छापून आली. कुणाला वनस्पतीचा पूर्ण अर्क, वीस भाग सीबीडीला एक भाग टीएचसी, म्हणजे नशा आणणारं द्रव्य. कुणाला शुद्ध केलेली तीच द्रव्यं. कुणाला नुसतंच औषधासारखं दिसणारं काहीतरी. कुणाला काय मिळतंय ते आईबापांनाही ठाऊक नाही आणि डॉक्टरांनाही. अर्क घेणाऱ्यांपैकी ४९ टक्के मुलांचा आक्रस्ताळेपणा चांगला कमी झाला. औषध नसलेलं औषध घेणाऱ्यांत हा आकडा होता २१ टक्के.

त्या २१ वर थांब जरा. त्या मुलांच्या पोटात औषध गेलंच नव्हतं, तरी ती सुधारल्याची नोंद झाली! मला यात आईबापांचा दोष दिसत नाही गं. दिवसभर चावे नि ओरखडे सोसून दमलेल्या माणसाला एक बरा दिवस डोंगराएवढा वाटतो. तुलाही वाटेल. रोजच्या प्रसंगांत मूल किती ऐकतं, याची वेगळी प्रश्नावलीही होती, आणि तिच्यात खरं औषध नि खोटं औषध यांत फरकच पडला नाही. शिवाय अर्क घेणाऱ्यांत २८ टक्के मुलं गुंगीत, २५ टक्क्यांची भूक मंदावलेली. झोपाळलेलं मूल शांतच दिसतं, नाही का? आणि आपला सोन्या वरण-भात नि बिस्किटाशिवाय कशालाही तोंड लावत नाही. त्याची भूक आणखी कमी झाली तर काय करशील?

माझी खरी काळजी वेगळीच आहे. त्याला फिट्ससाठी क्लोबाझाम आणि व्हॅल्प्रोएट चालू आहेत. सीबीडीमुळे क्लोबाझामचा अंमल वाढतो, मूल पार पेंगुळतं. व्हॅल्प्रोएटच्या जोडीला यकृतावर ताण येऊ शकतो. म्हणून सीबीडी देताना डॉक्टर रक्त तपासत राहतात. हे तू घरात थेंब मोजून सांभाळणार? आणि तेल लागू पडतंय असं वाटून फिट्सची गोळी बंद करायचा विचार मनातसुद्धा आणू नकोस.

बाटली दाखव बघू. "आयुर्वेदिक" लिहिलंय, म्हणजे विजया, भांगेचं पान. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात गांजा आणि चरस येतात, नुसतं पान त्यातून वगळलंय, म्हणून हे विकता येतं. पण पानातही टीएचसी असतं, आणि वाढत्या मेंदूला भीती त्याचीच. किती आहे ते इथे कुठे लिहिलंय का? काही बाटल्यांत तर नुसतं बियांचं तेल असतं. ते खाण्याचं, त्यात सीबीडी जवळपास नसतंच. पैसे मात्र औषधाचे.

मला कळतं, डॉक्टरांनी रिस्पेरिडोनचं नाव काढलं तेव्हापासून तू हे शोधते आहेस. वजन वाढतं, भूक बेसुमार लागते, हे खरं आहे. तुझी भीती खोटी नाही. पण त्या औषधाला ऑटिझममधल्या चिडचिडीसाठी अमेरिकेत २००६ पासून मान्यता आहे, त्याचे तोटे मोजलेले आहेत. तेल नैसर्गिक म्हणून निर्धोक? धोत्रा काय कारखान्यात होतो? आणि सासूबाई "प्रयत्नच करत नाहीस" म्हणाल्या, म्हणून तर मुळीच देऊ नकोस.

मला सांग, सोन्या हात चावायला लागला कधीपासून? गणपतीनंतर ना? दात पाहिलेस त्याचे? पोट रोज साफ होतं? ज्याला बोलून सांगता येत नाही, त्याची दाढ ठणकली तरी आपल्याला ते वागणंच दिसतं. अमेरिकेतल्या बालमानसोपचारतज्ज्ञांची संस्था ऑटिझमसाठी गांजाजन्य औषधं वापरू नका म्हणते, ते राहू दे बाजूला. किडलेली दाढ तेलाने बरी होत नाही.

आधी दातांच्या डॉक्टरांकडे जाऊ. वहीत लिही: किती वाजता चावला, आधी काय झालं, रात्री झोप किती. शाळेतल्या बाईंनाही वेगळं लिहायला सांग. तुझं बघून नको. मग ती वही आणि ही बाटली दोन्ही घेऊन त्याच्या मेंदूच्या डॉक्टरांपुढे ठेव. लपवू नकोस, रागावले तर रागावले. शुक्रवारची वेळ घे, मी रजा टाकते.