पिशवी कोण धरणार?

काचीगुडा, हैदराबाद

चि. नंदू,

फोनवर तू कायम घाईत, म्हणून लिहिते. मुलांना पाणी आणि पाळणे एकाच दिवशी दाखवायचे होते, पण एस्सेलवर्ल्ड बंद झालं, म्हणून तू हळहळलास. तू तिसरीत असताना तिथे गेला होतास. परतल्यावर मला जे चित्र पाठवलंस, त्यात खाडी ओलांडणारी बोट पानभर होती आणि पाळणा कोपऱ्यात, बोराएवढा. ज्या पाळण्यांसाठी तुझ्या बापाने पैसे मोजले, ते तुला तेवढेच आठवले होते!

तेव्हा जानेवारीत इकडेच या. समुद्र नाही, पण नावाचा का होईना, सागर आहे. हुसेनसागर म्हणजे कुतुबशाही काळातला तलाव. उन्हाळ्यात कधी कधी नाकाला रुमाल लावावा लागतो, जानेवारीत बरा असतो. तू पाठवलेलं वेळापत्रक मात्र मी फाडून टाकलंय. सकाळी प्राणीसंग्रहालय, मग सालारजंग संग्रहालय, मग लुंबिनी पार्क, रात्री नुमाइशचं प्रदर्शन आणि जेवायला पस्तीस मिनिटं. अरे, सहल आहे की शाळा-तपासणी? दुपारी पोटभर जेवून झोपा. चारला बोट, सातला नुमाइश. बस्स.

बोटीने बुद्धाच्या मूर्तीपाशी उतरलात की थोरल्याला सांग: ही अख्ख्या एका दगडाची मूर्ती १९९० साली इथे आणताना तराफ्यासकट बुडाली, माणसंही गेली, आणि १९९२च्या डिसेंबरात ती वर काढली. मी शेजारच्या मुलांना हे सांगितलं, तर ती मूर्ती सोडून पाण्यातच बघत बसली. बघू दे. ओढू नकोस.

आता नुमाइश. १ जानेवारीपासून दीड महिना नामपल्लीच्या मैदानावर काश्मिरी शालींपासून लखनवी कुर्त्यांपर्यंत सगळं मांडलेलं असतं. कढईतून निघालेली मिर्ची भजी, आकाशपाळणा, टॉय ट्रेन, काहीच बदललेलं नाही. रंग उडालेला पाळण्याचा डबासुद्धा माझ्या ओळखीचा वाटतो. उस्मानिया विद्यापीठाच्या पदवीधरांनी १९३८ साली बागेआममध्ये हे प्रदर्शन सुरू केलं, राज्याच्या आर्थिक पाहणीसाठी पैसा उभा करायला. १९४६ पासून ते नामपल्लीला आहे आणि त्याच्या उत्पन्नावर कॉलेजं चालतात. तुझे आजोबा, म्हणजे आमचे दादा, शाळामास्तर; तिकीट काढताना दर वर्षी सांगायचे, ‘हा खर्च नव्हे, कुणाची तरी फी आहे.’

एवढं बोलून दादा पाळण्याखालच्या कठड्याशी उभे राहायचे. एका हातात आईची पिशवी, दुसऱ्यात आमचे स्वेटर, पायाशी आम्हा भावंडांच्या चपला. त्यांना चक्कर येते, असं आई सांगायची. खरंच येत होती की सहा तिकिटांचा हिशेब होता, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. वरून आम्हाला ते दिसायचे, पण त्यांना अंधारात आम्ही नेमके कुठल्या डब्यात आहोत ते कळायचं नाही. म्हणून ते फिरणाऱ्या प्रत्येक डब्याला हात करायचे. परक्यांच्या मुलांनाही. ती मुलं उलट हात करायची आणि मला राग यायचा.

हे आज का आठवलं, तर तुमच्या मागच्या तीन सहलींचे फोटो बघत बसले होते. तू एकाही फोटोत नाहीस, कारण मोबाइल तुझ्या हातात. सूनबाई सगळ्या फोटोंत आहे, पण प्रत्येक वेळी पिशवीसकट. घरात एकाच माणसाला खाली उभं राहायची सवय लागली की ती सुटत नाही, नंदू. दादा सत्तरीचे झाल्यावर मी तिकीट काढून हातात ठेवलं, म्हटलं, आता तुम्ही बसा, चपला मी सांभाळते. त्यांनी ते तिकीट रांगेतल्या एका पोराला देऊन टाकलं.

तर माझं एवढं ऐक. पिशवीची पाळी लाव. मुलांनाही द्यायची, धाकटी सहाची झाली ना आता? पाळणा फिरत असताना मोबाइल माझ्याकडे ठेवायचा. मुलगी घाबरून रडली तर रडू दे, तू शेजारी आहेसच. आणि मुलांना त्याच पाळण्यात तिसऱ्यांदा बसायचं असेल, तर ‘दुसरं काहीतरी बघू या’ म्हणू नकोस. शंभर-शंभर रुपये दोघांच्या हातात दे. त्यांनी प्लॅस्टिकची बासरी आणली तरी तोंड वाकडं करायचं नाही.

मेट्रोने गांधी भवन स्टेशनला उतरू, मैदान अगदी जवळ आहे. रविवार नक्को, पाऊल ठेवायला जागा नसते. स्वेटर आणा. पहिल्या फेरीला तुम्ही चौघं बसा, खाली मी आहे. दुसऱ्या फेरीला मात्र तू खाली ये. मला वर जायचंय, सूनबाईच्या शेजारी. आम्ही कुठल्या डब्यात बसतो ते नीट बघून ठेव.

तुझी,
आत्या